औषधांचा डबा उपडा करा आणि रिसेप्टर समजून घ्या

वर्तकनगरला आमच्या घरी औषधांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात बाबांच्या बीपीपासून आईच्या संधिवातापर्यंत सगळं कोंबलेलं. भाची बारावी सायन्सला, कळव्याहून दर रविवारी येते, तिला रिसेप्टर काही केल्या डोक्यात शिरत नव्हते, मग तो डबाच चटईवर उपडा केला. दोन तास लागले पण शिरले. तुमच्याही घरात असा डबा असणारच, करून बघा.

आधी सोसायटीचा इंटरकॉम डोळ्यासमोर आणा. वॉचमन गेटवरून फोन लावतो, वॉचमन काही घरात येत नाही, निरोप येतो. पेशीचं तसंच आहे, तिच्या पृष्ठभागावर प्रथिनं खोचलेली असतात, हेच रिसेप्टर, म्हणजे इंटरकॉमचे हँडसेट, एक टोक बाहेर एक आत, बाहेरच्या टोकाला संदेशाचा रेणू येऊन बसला की प्रथिनाचा आकार जरासा बदलतो आणि आत गडबड सुरू होते. आणि ज्या फ्लॅटमध्ये तो हँडसेटच नाही तिथे कितीही फोन लावा, शांतता. हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

आता पहिलं पाकीट उचला, लेव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेलुकास्ट एकत्र असलेलं. घोडबंदर रोडची धूळ खाणाऱ्या कुठल्याही घरात ते सापडेल. मास्ट सेल नावाच्या पेशीवर आयजीई अँटिबॉडी रिसेप्टरला धरून बसलेल्या असतात, धुळीतल्या किड्यांचं प्रथिन त्यांना चिकटलं की पेशी हिस्टामिन ओतते, ते रक्तवाहिन्यांवरच्या एच-१ रिसेप्टरवर बसतं, वाहिन्या सैल होऊन पाझरतात, झाली सूज. नाकातल्या नसांवर बसलं की शिंका. लेव्होसेट्रिझिन हिस्टामिन बनणं थांबवत नाही, फक्त एच-१ अडवून बसते, म्हणून शिंकांचा धडाका सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेली बरी लागू पडते. मॉन्टेलुकास्ट दुसरा हँडसेट अडवते, ल्युकोट्राइन नावाच्या दुसऱ्या संदेशाचा, श्वासनलिकेतला. (मॉन्टेलुकास्ट घेऊन मुलाला वाईट स्वप्नं पडायला लागली, चिडचिड वाढली, उदास वाटायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगा, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये याबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय.)

त्याच डब्यात फॅमोटिडीन सापडली तर शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा, हीपण हिस्टामिनच्याच विरुद्ध आहे मग हिने शिंका का नाही थांबत? कारण ती एच-२ अडवते, आणि जठरात ॲसिड सोडणाऱ्या पेशींवर असतो तो एच-२. संदेश तोच, हँडसेट वेगळा. भाचीची ट्यूब इथे पेटली.

आयबुप्रोफेन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या बाजूला काढा, त्यात फसायला होतं. आयबुप्रोफेन रिसेप्टर अडवत नाही, संदेश बनवणारं एन्झाइम बंद करते, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन हा दुखणं-सुजण्याचा संदेशच कमी तयार होतो. स्टेरॉइडला रिसेप्टर आहे पण तो पेशीच्या आत, कारण स्टेरॉइड चरबीत विरघळतं, पेशीच्या पडद्यातून थेट आत जातं, त्याला इंटरकॉम लागतच नाही.

आता फ्रीज उघडा. आईचं संधिवाताचं इंजेक्शन, इटॅनरसेप्ट. (२ ते ८ डिग्री, फ्रीझरमध्ये चुकूनही नाही.) इथला वॉचमन म्हणजे मॅक्रोफाज, जंतू गिळणारी पेशी, तिच्यावर टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर असतो जो काही जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा ओळखतो, हे शास्त्रज्ञ ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ मध्ये उंदरांवर शोधलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. चोर दिसला की वॉचमन घरोघर फोन लावतो, तो फोन म्हणजे टीएनएफ. संधिवातात चोर नसतानाच फोन वाजत राहतात आणि सांध्याचं अस्तर सुजत राहतं.

इथे औषधाच्या नावाची शेपटी बघायला शिका. ‘सेप्ट’ म्हणजे रिसेप्टरचाच तुकडा: इटॅनरसेप्ट हा टीएनएफच्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग, गेटजवळ टांगलेला खोटा हँडसेट, फोन त्यावर जातो आणि त्याला पुढे वायरच नाही. ‘मॅब’ म्हणजे अँटिबॉडी, पण ती कुणाला धरते ते विचारावं लागतं, ॲडालिमुमॅब टीएनएफलाच धरते, टोसिलिझुमॅब मात्र आयएल-६ नावाच्या दुसऱ्या संदेशाचा रिसेप्टर झाकते. टोफॅसिटिनिब गोळी तर घरात शिरून आतली वायर कापते.

आणि आता कामाचं, कारण शेवटी परीक्षेपेक्षा आपल्याला आई सांभाळायचीय. फोन बंद केला की खरा चोर आला तरी कळत नाही. टीएनएफ शरीरात झोपलेल्या टीबीभोवतीचं कुंपण धरून ठेवतं, म्हणून इंजेक्शनआधी मँटू किंवा इग्रा ही टीबीची टेस्ट आणि छातीचा एक्स-रे करतात. आई तेव्हा वैतागली होती, ‘सांधे दुखतायत आणि हे छाती काय बघतायत’, आम्हाला तेव्हा कुणी नीट सांगितलंही नाही. टोसिलिझुमॅबवर तर अजून गंमत, लिव्हर सीआरपी (रक्ताच्या रिपोर्टमध्ये सूज-इन्फेक्शन दाखवणारं प्रथिन) बनवतं ते मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून, त्यामुळे अंगात इन्फेक्शन असूनही सीआरपी छान येऊ शकतो. पावसाळ्यात ताप आला आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरी बसलात असं करू नका, डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. मनाने बंदही करू नका.

वहीत प्रत्येक औषधापुढे चार गोष्टी लिहा: संदेश कोणता, हँडसेट कुठल्या पेशीवर, औषध नेमकं कुठे अडवतं, आणि त्यामुळे कुठलं चांगलं काम थांबतं. चौथा रकाना भरताना घाम फुटतो, फुटू दे.

आमचा डबा आवरून झाला तेवढ्यात भाची आजोबांची बीपीची टेल्मिसार्टन घेऊन आली, ‘मावशी, हीपण रिसेप्टरवालीच ना?’ हो बाई, अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर, पण आधी जेवून घेऊ.