एसटीएम-१ लिंकवरच्या चुका: बी१, बी२, बी३ वाचून दोष कुठे ते शोधा

एसटीएम-१ ही एसडीएच या ऑप्टिकल नेटवर्क पद्धतीतली लिंक. बी१, बी२, बी३ हे तिच्या फ्रेममधले पॅरिटी बाइट, म्हणजे चुका पकडणारे तपासणी-बाइट: बी१ दोन नोड्समधल्या एका टप्प्याचा, बी२ मल्टिप्लेक्स सेक्शनचा (दोन मल्टिप्लेक्सरमधला भाग, मध्ये रिजनरेटर असू शकतात), बी३ टोकापासून टोकापर्यंतच्या पूर्ण मार्गाचा. आधी फ्रेम जुळली आहे का ते पाहा. दर १२५ मायक्रोसेकंदांनी २४३० बाइटची एक फ्रेम येते. सुरुवातीला तीन ए१ (एफ६) आणि तीन ए२ (२८) बाइट असतात. हेक्समधली ही खूण स्क्रॅम्बल होत नाही (बाकीच्या बिट्ससारखी मुद्दाम विस्कटली जात नाही), म्हणूनच रिसीव्हरला ती सापडते. ओओएफ (फ्रेम न जुळणे) ३ मिलिसेकंद टिकला की एलओएफ (फ्रेम हरवली) अलार्म येतो. फ्रेम जुळेपर्यंत पॅरिटीचे आकडे पाहण्यात अर्थ नाही.

फ्रेम जुळल्यावर सगळ्या नोड्सवरचे चुकांचे काउंटर शून्य करा आणि १५ मिनिटांनी वाचा.

बी१ प्रत्येक रिजनरेटरवर (वाटेत सिग्नल ताजा करून पुढे पाठवणाऱ्या उपकरणावर) नव्याने मोजला जातो. त्यामुळे तो जिथे पहिल्यांदा वाढलेला दिसेल, त्याच्या लगतचा मागचा टप्पा संशयित. तिथे पॉवर मीटर लावा: एस-१.१ (कमी पल्ल्याच्या) ऑप्टिक्सच्या रिसीव्हरला उणे २८ ते उणे ८ डीबीएम चालते. पॉवर कमी असेल तर कनेक्टर पुसा, फायबरचे बाक तपासा. जास्त असेल तर अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) घाला. आखूड पॅचकॉर्डवर लूप करताना (कार्डाचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडताना) हे हमखास विसरतात, आणि चांगले कार्ड उगाच बदलले जाते.

बी१ स्वच्छ, पण बी२ वाढतोय? मग दोष त्याच मल्टिप्लेक्स सेक्शनमधल्या आधीच्या टप्प्यात किंवा रिजनरेटरच्या आत. फक्त बी३ वाढत असेल तर व्हीसी-४ (फ्रेममधला डेटा वाहणारा कंटेनर) आधीच्याच सेक्शनमध्ये किंवा क्रॉस-कनेक्ट कार्डात (कंटेनर एका लिंकवरून दुसरीकडे वळवणाऱ्या) बिघडून आलेला असतो.

एकाच पॅरिटी बिटावर दोन चुका पडल्या तर त्या एकमेकींना खोडतात. चुकांचा वर्षाव असताना आकडा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो.