सॅम्पल क्लिअर केलं नाही तर काय होतं?

बीट, म्हणजे गाण्याचा ठेका आणि साथ, करायला बसलेल्या प्रत्येक नव्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती सेकंदांपर्यंत सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा, विनापरवानगी चालतं? कुणी तीन सांगतो, कुणी सहा, आणि कुणीतरी हमखास म्हणतो की पिच (सुराची उंची) बदलला की प्रश्नच मिटला. सेकंदांची अशी सरसकट सूट कुठेच नाही. अमेरिकेत २००५ साली एका अपील न्यायालयाने दोन सेकंदांच्या गिटारवरून सुनावलं, परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. तिथल्याच दुसऱ्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या पाव सेकंदाहून छोट्या हॉर्नबद्दल नेमकं उलटं सांगितलं: श्रोत्याच्या लक्षातही येणार नाही इतका किरकोळ तुकडा असेल, तर हक्कभंग नाही. युरोपात जर्मन बँड क्राफ्टवर्कच्या दोन सेकंदांच्या ठेक्यावरचा वाद थेट युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेला. २०१९ मध्ये तिथे ठरलं की कानाला ओळखूच येणार नाही इतका तुकडा बदलला असेल, तर परवानगी लागत नाही. आता यातून तुमच्या गाण्याचा निकाल तुम्हीच काढून दाखवा!

म्हणून घड्याळ बाजूला ठेवा आणि हक्क कुणाचा, ते शोधा. एका सॅम्पलमध्ये दोन हक्क असतात. एक रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा. तो बहुतेक वेळा लेबलकडे असतो. दुसरा रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा. तो संगीतकार-गीतकारांकडे किंवा त्यांच्या पब्लिशरकडे, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडे. परवानगी दोन्हीकडून लागते; ती मिळवणं म्हणजेच सॅम्पल क्लिअर करणं. अमेरिकेतल्या बीस्टी बॉइज या रॅप गटाने सहा सेकंदांच्या बासरीसाठी मास्टरचा परवाना घेतला होता, तरी रचनेच्या हक्कावरून संगीतकार कोर्टात गेला. रचनेचा वापरलेला भाग फक्त तीन सुरांचा, त्यामुळे बीस्टी बॉइज जिंकले. पण जिंकायलाही आधी खटला लढावा लागतोच. ‘द व्हर्व’ या ब्रिटिश बँडच्या ‘बिटर स्वीट सिम्फनी’चं उदाहरण याहून बोलकं आहे. १९९७ साली गाणं जगभर गाजलं, पण रोलिंग स्टोन्सच्या गाण्याच्या ऑर्केस्ट्रा आवृत्तीतून घेतलेल्या सॅम्पलच्या वादात रचनेचं सगळं उत्पन्न समोरच्याकडे गेलं. स्टोन्सचे जॅगर आणि रिचर्ड्स यांनी आपला वाटा सोडला तो २०१९ मध्ये.

या सगळ्यात पैशांइतकाच महत्त्वाचा असतो तो क्रम. गाणं बाहेर येण्याआधी विचारलंत, तर ‘नाही जमत’ म्हणून लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तो तुकडा) काढून टाकता येतो. गाणं चालायला लागल्यावर विचारलंत, तर समोरचा मागेल तो आकडा. दुसऱ्याच्या जागेत पाया खणून वर मजले चढवायचे आणि मग मालकाला भाव विचारायचा, असला तो प्रकार. मी सोबत काम करणाऱ्यांना एवढंच सांगतो: लूप म्यूट करून ऐका. गाणं उभं राहिलं तर सॅम्पल सजावट आहे, काढता येईल. कोसळलं तर आजच मेल लिहायला घ्या.

मेलमध्ये भावना नकोत, तपशील हवेत. मूळ गाणं, कोणतं रेकॉर्डिंग, किती मिनिट-सेकंदांपासून कुठपर्यंतचा तुकडा, तुमच्या गाण्यात तो कितीदा येतो, पिच किंवा गती बदलली आहे का, गाणं कुठे कुठे रिलीज होणार, आणि ऐकायला एक लिंक. उत्तरात सहसा आगाऊ रक्कम, मास्टरच्या कमाईत वाटा आणि रचनेच्या हक्कात टक्केवारी, असं मिश्रण येतं. रचनेचे वाटेकरी अनेक असतील तर प्रत्येकाचा होकार लागतो, आणि घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. नवख्यांना सगळ्यात जास्त मिळणारं उत्तर म्हणजे शांतता. तिचा अर्थ होकार असा लावू नका. आणि ‘श्रेय दिलंय ना, मग झालं’ हेही चालत नाही. श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी. नाव देऊन परवाना मिळत नाही, आणि नाव गाळलं तर वेगळं भांडण उभं राहतं. २००२ च्या ‘ॲडिक्टिव्ह’ या अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्सच्या गाण्यात लताबाईंच्या आवाजातलं ‘थोडा रेशम लगता है’ वाजलं, तेव्हा बप्पी लाहिरींच्या नावाशिवाय पुढची विक्री करायला अमेरिकेतल्या कोर्टाने मनाई केली होती.

मास्टरचा परवाना परवडत नसेल तर तोच तुकडा स्वतः वाजवून घ्यायचा. मास्टरचा प्रश्न सुटतो, रचनेचा राहतोच. हे काम मला मनापासून आवडतं, कारण जुन्या रेकॉर्डिंगची जादू नेमकी कशात आहे ते तिथे कळतं. सूर दहा मिनिटांत बसतात, पण लूप बेचव लागतो. मग कान देऊन ऐकलं की उमगतं: बेसवाला ठोक्याच्या किंचित मागे आहे, स्नेअर ड्रमबरोबर खोलीचा घुमारा येतोय, वरच्या पट्ट्या टेपने खाल्ल्यात. सॉफ्टवेअरच्या ग्रिडला (ठोक्यांच्या आखीव रेघांना) चिकटवलेल्या नोट्स काही मिलिसेकंद मागे ओढा, सगळी वाद्यं एकाच छोट्या रिव्हर्बमधून (खोलीच्या घुमाऱ्याच्या इफेक्टमधून) काढा, वर थोडं टेप सॅच्युरेशन, म्हणजे जुन्या टेपसारखा जाडसर आवाज, द्या. कितीदा तरी हे नव्याने वाजवलेलं मूळ तुकड्यापेक्षा गाण्याला जास्त शोभतं.

एआयने गाण्यातला आवाज किंवा ड्रम वेगळा काढणं आता सोपं झालंय, म्हणून तो तुकडा तुमचा होत नाही. गाणी स्ट्रीमिंग ॲपवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे गाणं चढवताना ‘सगळे हक्क माझ्याकडे आहेत’ या अर्थाच्या अटी तुम्हीच मान्य करता. तक्रार आली की गाणं उतरतं आणि कमाई अडकते.

रॉयल्टी-फ्री पॅकचंही, म्हणजे तयार लूप आणि आवाजांच्या संग्रहाचंही, थोडं बघून घ्या. ते लूप वापरायची परवानगी असते, मालकी नसते. तोच लूप हजारो लोकांच्या गाण्यात असतो. तुम्ही तुमचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओंमधलं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलंत तर ती यंत्रणा त्या सगळ्यांवर तुमच्या नावाने दावे ठोकू शकते, म्हणून अनेक पॅकच्या परवान्यात अशा नोंदणीला स्पष्ट मनाई असते. परवान्याची प्रत आणि पॅकचं नाव प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच टाकून ठेवा. दोन वर्षांनी तो स्नेअर कुठून आणला हे कुणाला आठवतंय!