ऑस्ट्रेलियात जुनी गाडी घेताना: आधी व्हीआयएन, मग बोनेट, पैसे सर्वांत शेवटी

मेलबर्न किंवा सिडनीत नव्याने आलेल्या माणसाची पहिली गाडी बहुधा जुनीच असते आणि बहुधा घाईत घेतली जाते. पॉइंट कुक, टार्नीटसारख्या भागात घर भाड्याने घेतलं की गाडीवाचून अडतंच. ती घाई विकणाऱ्याला लगेच कळते. म्हणून गाडी बघायला जायच्या आधीच कामांचा क्रम पक्का करा. बहुतेकांचं नुकसान इंजिनामुळे कमी आणि हा क्रम उलटा झाल्यामुळे जास्त होतं.

कर्ज रेगोच्या कागदावर दिसत नाही

महाराष्ट्रात गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर आरसी बुकावर हायपोथिकेशनची नोंद असते. ती उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. त्यामुळे आरसी स्वच्छ दिसली की आपला जीव भांड्यात पडतो. ऑस्ट्रेलियात ही सवय घात करते. इथला रेगोचा, म्हणजे नोंदणीचा, कागद फक्त सांगतो की गाडी रस्त्यावर चालवण्याची जबाबदारी कोणाची आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि त्यावर कर्जाची नोंदही नसते. कर्ज नोंदवलं जातं पीपीएसआर या केंद्रीय रजिस्टरवर. विकणाऱ्याने हप्ते थकवले असतील तर तुम्ही पूर्ण पैसे मोजलेले असूनही वित्तसंस्था तुमच्या दारातून गाडी उचलून नेऊ शकते.

या शोधाला सरकारी साइटवर फक्त २ डॉलर लागतात. पत्ता नीट बघून टाका: पीपीएसआर डॉट गव्ह डॉट एयू. गूगलवर वरच्या जाहिरातींमध्ये दिसणाऱ्या खासगी साइट्स तोच अहवाल सुंदर मांडणी करून कितीतरी पट भावात विकतात. शोध घ्यायचा तो १७ अक्षरी व्हीआयएनने, म्हणजे गाडीच्या चॅसी क्रमांकाने, नंबरप्लेटने नव्हे. प्लेट बदलते, व्हीआयएन बदलत नाही. विकणाऱ्याने मेसेजवर पाठवलेला व्हीआयएन गाडीवरच्या व्हीआयएनशी स्वतः ताडून बघा. तो विंडस्क्रीनच्या खालच्या कडेला, दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर सापडतो. शून्य आणि ‘डी’, ‘आठ’ आणि ‘बी’ यांत गल्लत झाली तर अहवाल भलत्याच गाडीचा येतो किंवा येतच नाही. व्हीआयएनमध्ये ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं कधीच नसतात, हे लक्षात ठेवलं तर वाचायला सोपं जातं.

हा शोध दोनदा घ्या. पहिला गाडी बघायला जायच्या आधी, दुसरा पैसे देण्याच्या दिवशी. कायद्याचं संरक्षण शोध घेतल्याच्या दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंतच्या खरेदीलाच मिळतं, म्हणून गेल्या आठवड्यातलं सर्टिफिकेट इथे कामाचं नाही. पीडीएफ सांभाळून ठेवा.

अहवालात कर्ज दिसलं म्हणून सौदा मोडायलाच हवा असं नाही. विकणाऱ्याला वित्तसंस्थेकडून लेखी पे-आउट आकडा, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला लागणारी रक्कम, मागायला सांगा. तेवढी रक्कम थेट वित्तसंस्थेच्या कर्जखात्यात भरा, उरलेली विकणाऱ्याला द्या आणि नोंद उतरेपर्यंत पुन्हा शोध घेत राहा. ‘पैसे मिळाले की मीच कर्ज फेडतो’ या शब्दावर विसंबू नका.

त्याच अहवालात गाडी चोरीची आहे का आणि ती ‘राइट-ऑफ’ झाली होती का, म्हणजे नुकसानीनंतर निकालात काढली गेली होती का, हेही कळतं. ‘स्टॅच्युटरी राइट-ऑफ’ म्हणजे ती गाडी पुन्हा कधीच रस्त्यावर येणार नाही, फक्त सुट्या भागांसाठी. ‘रिपेअरेबल राइट-ऑफ’ दुरुस्त होऊन पुन्हा नोंदवलेली असू शकते. न्यू साउथ वेल्समध्ये अशा गाड्यांची नोंदणी अपवाद वगळता होत नाही, पण इतर राज्यांत तपासणीनंतर होते. अशी गाडी स्वस्त दिसते, पण विमा मिळताना आणि पुढे विकताना अडचण येते. किंमत फारच कमी नसेल तर सोडून द्या. जपानमधून आयात झालेल्या जुन्या हायब्रिड गाड्यांचा तिकडचा इतिहास या अहवालात येत नाही. त्यासाठी जपानी लिलावाचा कागद मागा.

आरडब्ल्यूसी, पिंक स्लिप आणि सेफ्टी सर्टिफिकेट

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. व्हिक्टोरियात नोंदणी असलेली गाडी विकताना रोडवर्दी सर्टिफिकेट, म्हणजे आरडब्ल्यूसी लागतं आणि ते ३० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. क्वीन्सलंडमध्ये सेफ्टी सर्टिफिकेट गाडी जाहिरातीला लावायच्या आधीच हवं. खासगी विक्रीत ते २ महिने किंवा २,००० किलोमीटर, जे आधी संपेल तोवर चालतं. न्यू साउथ वेल्समध्ये विक्रीसाठी असं काही लागत नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीला रेगो भरताना दरवर्षी पिंक स्लिप, म्हणजे सुरक्षा तपासणीचा दाखला लागतो, एवढंच. म्हणजे सिडनीत तुम्ही घेत असलेल्या गाडीची शेवटची तपासणी अकरा महिन्यांपूर्वीची असू शकते.

आरडब्ल्यूसी म्हणजे गाडी चांगली असल्याची पावती नव्हे. त्यात टायर, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, सीटबेल्ट, विंडस्क्रीन आणि बॉडीचा गंज बघतात. इंजिन तेल पितंय का, गियरबॉक्स शेवटच्या घटका मोजतोय का, एसी गार हवा देतोय का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आरडब्ल्यूसी कालची असली तरी स्वतंत्र प्री-पर्चेस, म्हणजे खरेदीआधीची, तपासणी करून घ्या. आरएसीव्ही, एनआरएमए, आरएसीक्यू यांसारख्या वाहनचालकांच्या संस्था आणि फिरते मेकॅनिक ती साधारण दोनशे ते चारशे डॉलरमध्ये करतात. मेकॅनिक तुम्ही निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि ‘तपासणी नको, वेळ नाही’ असं ऐकलं तर गाडी कितीही आवडली असली तरी निघा.

व्हिक्टोरियात ‘आरडब्ल्यूसी नाही, प्लेट काढून देतो, म्हणून स्वस्त’ असाही प्रकार चालतो. ती गाडी मग अनरजिस्टर्ड होते. आरडब्ल्यूसी, नोंदणीची तपासणी, चालवत न्यायची असेल तर तात्पुरतं परमिट हे सगळं तुमच्या माथी. ओळखीचा मेकॅनिक असल्याशिवाय या भानगडीत पडू नये.

गाडी बघताना

फोन करताना कुठली गाडी ते सांगू नका, नुसतं ‘जाहिरातीतल्या गाडीबद्दल विचारायचं होतं’ असं म्हणा. समोरून ‘कोणती?’ असा प्रश्न आला तर तो बहुधा घरची गाडी विकणारा माणूस नसून धंदा करणारा आहे, कदाचित विनापरवाना. व्हिक्टोरियातल्या परवानाधारक डीलरच्या जाहिरातीत एलएमसीटी क्रमांक असतो.

इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून बघायची. ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’ असं आधी कळवा आणि पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. कमकुवत बॅटरी, टायमिंग चेनची खडखड, व्हॉल्व्ह सील झिजल्यावर सुटणारा निळसर धूर हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात समजतं आणि इंजिन तापलं की लपतं. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ निघते, ती चिंतेची नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधट, चिकट थर असेल तर तीच शंका बळावते. मात्र रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही असा पातळ थर जमतो, तेव्हा एकट्या या खुणेवर निकाल देऊ नका.

मग बोनेटखालचे फेंडरचे बोल्ट बघा. बोल्टच्या कडांवरचा रंग खरवडला असेल तर पत्रा कधीतरी उघडला गेला आहे. विमा कंपनीने अपघाताची दुरुस्ती करून दिली पण राइट-ऑफ केली नसेल, तर पीपीएसआरवर त्याचा मागमूस नसतो. तो इथेच सापडतो.

पूर हा ऑस्ट्रेलियातला खरा धोका आहे. २०२२ मध्ये ब्रिस्बेन आणि लिस्मोरच्या परिसरात पुराने असंख्य गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बाहेर काढा. एरवी गुंडाळलेला राहणारा शेवटचा हातभर भाग कोणी धूत नाही आणि चिखलाची रेघ तिथेच राहते. डिकीतला गालिचा उचलून स्पेअर व्हीलचा खड्डा बघा. एअर फ्रेशनरचा वास जरा जास्तच दरवळत असेल तर खिडक्या बंद करून पाच मिनिटं बसा.

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. खाच कायद्याने किमान १.५ मिलिमीटर हवी. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी सर्व्हिसिंगमध्येही हात आखडता घेतला असणार, असं धरून चाला.

टेस्ट ड्राइव्ह वीस मिनिटांपेक्षा कमी नको, आणि त्यात फ्रीवे, चढ आणि ट्रॅफिकमधलं रांगणं तिन्ही हवेत. ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं दुखणं ८० च्या वेगात कळत नाही. कळतं ते १५-२० च्या वेगात, ब्रेक सोडून गाडी आपोआप सरकताना आणि चढावर रिव्हर्स घेताना. फोर्डच्या फिएस्टा, फोकस, इकोस्पोर्टमधला पॉवरशिफ्ट गियरबॉक्स इथेच थरथरतो. त्याच्या तक्रारी ज्या रीतीने हाताळल्या, त्याबद्दल फेडरल कोर्टाने २०१८ साली फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी डॉलरचा दंड केला होता. त्या गियरबॉक्सची गाडी कितीही चकाचक असो, पहिली गाडी म्हणून घेऊ नये. मॅन्युअल गियरची फिएस्टा मिळाली तर ती वेगळी गोष्ट.

डिझेल घेणार असाल तर डीपीएफबद्दल विचारा. एक्झॉस्टमधला हा फिल्टर काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी सलग लांबचा प्रवास लागतो. शाळा, स्टेशन, कोल्स सुपरमार्केट एवढंच फिरणाऱ्या घराने डिझेल घेऊच नये. १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळात विकल्या गेलेल्या डिझेल हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरच्या डीपीएफमधला दोष कोर्टात सिद्ध झाला आहे. त्या काळातली गाडी असेल तर टोयोटाकडे दुरुस्ती झाल्याची नोंद दाखवायला सांगा.

जुन्या गाडीतली टकाटा कंपनीची एअरबॅग बदलली आहे का, हेही तपासा. ३० लाखांहून जास्त गाड्यांचं हे सक्तीचं रिकॉल होतं. एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात, हा त्यातला दोष. बदलून मिळते फुकट, तेव्हा ‘राहून गेलं’ म्हणणाऱ्याला ती बदलून आणायला लावा, मग बोला.

डीलर की प्रायव्हेट?

डीलरकडे गाडी महाग पडते, पण त्या पैशांत काही मिळतंही. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये १० वर्षांपेक्षा कमी जुन्या आणि १,६०,००० किलोमीटरपेक्षा कमी चाललेल्या गाडीवर डीलरला ३ महिने किंवा ५,००० किलोमीटरची कायदेशीर वॉरंटी द्यावी लागते. व्हिक्टोरियात शिवाय ३ कामकाजाच्या दिवसांचा कूलिंग-ऑफ काळ, म्हणजे सौदा रद्द करण्याची मुभा, असते. प्रायव्हेट विक्रीत यातलं काहीच नाही. डीलरच्या टेबलावर पुढे सरकवली जाणारी ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ आणि पेंट प्रोटेक्शन मात्र हसून नाकारा.

पैसे आणि कागद

गाडी न बघता टोकन द्यायचं नाही. ‘मी खाणीत कामाला आहे’, ‘सैन्यात पोस्टिंग झालं, गाडी एजंटकडे आहे’ ही इथली जुनी, ठरलेली फसवणूक आहे. विकणाऱ्याचं लायसन्स बघा. त्यावरचं नाव आणि रेगोवरचं नाव एकच हवं. पैसे बँक ट्रान्सफरने, गाडीपाशी उभं राहून. नव्या खात्यावरचा पहिला ट्रान्सफर बँक २४ तासांपर्यंत अडवून ठेवू शकते, म्हणून आदल्या दिवशी एक डॉलर पाठवून बघा. पावतीवर तारीख आणि वेळ, दोघांची नावं-पत्ते, व्हीआयएन, किलोमीटर आणि किंमत लिहून दोघांच्या सह्या घ्या. वेळ महत्त्वाची, कारण त्याच दिवशी सकाळी लागलेल्या स्पीड कॅमेऱ्याचा दंड कोणाचा हे त्यावर ठरतं.

रेगोचा ट्रान्सफर तुमच्या नावावर १४ दिवसांच्या आत करायचा. तेव्हा फी भरून वर सरकारी ड्यूटीही भरावी लागते: १०,००० डॉलरच्या वापरलेल्या गाडीला व्हिक्टोरियात ४२०, न्यू साउथ वेल्समध्ये ३००. हे बजेटमध्ये आधीच धरा. खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांतल्या जास्त आकड्यावर ड्यूटी लागते, तेव्हा फॉर्मवर कमी किंमत लिहून काही वाचत नाही. उलट चुकीची माहिती दिल्याचा ठपका येतो.

किल्ली हातात येण्याआधी विमा सुरू झालेला हवा. रेगोसोबतचा सक्तीचा विमा, म्हणजे व्हिक्टोरियात टीएसी आणि न्यू साउथ वेल्समध्ये ग्रीन स्लिप, फक्त माणसांच्या दुखापतीचा असतो. समोरच्याची मर्सिडीज ठोकली तर भरपाई तुमच्या खिशातून. गाडी तीन-चार हजारांची असली तरी थर्ड पार्टी प्रॉपर्टी विमा घ्याच. घरात जो जो गाडी चालवणार त्याचं नाव पॉलिसीत घाला, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांचं.

त्याच दिवशी टोलच्या खात्यात नवा नंबर टाका आणि आधीच्या मालकाचा ई-टॅग काचेवरून काढून त्याला परत द्या. लायसन्स आणि रेगोवरचा पत्ता एकच आणि चालू ठेवा. काचेवर लावायचं रेगोचं लेबल आता मिळत नाही. नूतनीकरणाची नोटीस नोंदवलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर येते, आणि भाड्याचं घर बदलल्यावर ती जुन्या घरीच जात राहिली तर मुदत संपल्याचं पहिल्यांदा कॅमेऱ्याला कळतं.