बसच्या घरात एसी: निवडीपासून जोडणीपर्यंत

घरातला एसी एकदा भिंतीवर टांगला की जागचा हलत नाही. बसचं घर केलं की तोच एसी खड्डे, उतार आणि तासन्‌तासची थरथर सोसतो, वर बॅटरीवर चालतो. म्हणून किती टनाचा घ्यायचा हा प्रश्न इथे तिसरा. पहिला प्रश्न उष्णता कुठून येते हा, आणि दुसरा रात्रभर वीज पुरेल का हा.

आधी ऊन अडवा

बस म्हणजे पत्र्याचा डबा आणि त्याला एकेरी काचा. थेट ऊन पडणाऱ्या साध्या काचेतून दर चौरस मीटरला सहज ५०० ते ६०० वॉट उष्णता आत येते. एका बाजूची काच मिळून ३ चौरस मीटर धरली, तर दीड किलोवॉटच्या पुढे गेलो. एसीचा एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) बाहेर काढायची ताकद, साधारण ३.५ किलोवॉट. म्हणजे जवळजवळ अर्धा टन एका बाजूच्या खिडक्यांनीच खाल्ला!

त्यामुळे नको असलेल्या खिडक्या पत्रा लावून कायमच्या बंद करा. उरलेल्यांना चकचकीत परावर्तक पडदे मापाने कापून लावा. पडदा काचेच्या बाहेरून लावला तर जास्त उपयोगी, कारण ऊन काचेच्या आत शिरायच्या आधीच अडतं. छताला पांढरा रंग द्या. छतात आणि भिंतीत ४० ते ५० मिलिमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा फोम भरा. इथे एक चूक फार होते: फोम फासळ्यांच्या मधे भरतात आणि लोखंडी फासळ्या तशाच उघड्या सोडतात. त्या फासळ्याच बाहेरची उष्णता आत आणतात. फासळ्यांवरूनही १० मिलिमीटरचा सलग थर जायला हवा. फोम आणि पत्र्यात पोकळी राहिली तर तिथे दव धरतं आणि पत्रा आतून गंजतो.

चालकाच्या सीटमागे जाड पडदा किंवा दार हवंच. पुढची काच बसमधली सगळ्यात मोठी काच असते, आणि केबिन गार करत बसण्यात काही अर्थ नाही.

इतकं केल्यावर ८ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद जागेला साधारण एक टन पुरतो. फोम नसेल तर भर दुपारी दोन टनांनाही धाप लागते. गरजेपेक्षा मोठा एसीही चांगला नाही. हवा पटकन गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, दमटपणा तसाच राहतो आणि अंथरूण ओलसर लागतं.

कोणता एसी

छतावरचा एकसंध एसी बसवायला सोपा असतो. त्याला ३५ सेंटिमीटर बाजूचं चौकोनी भोक लागतं आणि गॅसचं काम नसतं. पण तो आवाज करतो, बसची उंची वाढवतो, आणि साधा कॉम्प्रेसर असेल तर सुरू होताना चालू भाराच्या कित्येक पट करंट ओढतो. हाच घ्यायचा तर सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा करंट कमी करणारा डबा, लावा. भोक दोन फासळ्यांच्या मधेच पाडा, फासळी कापू नका. खालची गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ पट्टी) साधारण अर्धी दबेपर्यंतच बोल्ट आवळा. जास्त आवळली तर चिरडते आणि पहिल्या पावसात गळते.

इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा मूळ बस एसी प्रवासात उत्तम, पण मुक्कामी निरुपयोगी. एका नळीचा पोर्टेबल एसी तर विसराच. तो आतलीच गार हवा बाहेर फेकतो आणि तितकीच गरम हवा फटींतून आत ओढतो. २४ किंवा ४८ व्होल्टवर थेट चालणारे डीसी एसी चांगले असतात, पण बिघडले तर सुटे भाग कुठे मिळतील हे आधी बघा.

मुक्कामी राहायचं असेल तर आमचं मत इन्व्हर्टर स्प्लिटच्या बाजूने, म्हणजे आत एक आणि बाहेर एक अशी दोन युनिटं आणि कमी-जास्त वेगाने चालणारा कॉम्प्रेसर. तो हळूहळू वेग घेतो, आणि खोली गार झाल्यावर १,००० वॉटवरून ३००-४०० वॉटवर येतो. पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे.

विजेचा हिशेब उलटा करा

रात्री आठ तास, सरासरी ४५० वॉट: ३,६०० वॉट-तास. बॅटरीच्या विजेची घरगुती वीज करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये (हा एसीतला इन्व्हर्टर नव्हे, वेगळा डबा) १२ टक्के वाया गेले तर बॅटरीतून सुमारे ४,१०० निघतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्केच वापरायची ठरवली, तर ५.१ किलोवॉट-तासांची बॅटरी लागते. ४८ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी म्हणजे जवळपास एवढीच. हीच साठवण १२ व्होल्टवर केली तर ४०० अँपिअर-तास होतात, आणि १,००० वॉटना तारेतून ९० अँपिअरच्या वर करंट धावतो. ४८ व्होल्टवर तो २४च्या आसपास असतो. तारा बारीक, तारांच्या टोकांचे जोड गार. नव्याने सुरुवात करत असाल तर १२ व्होल्टचा मोह टाळा.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आणि किमान ३ किलोवॉटचा घ्या. ४८ व्होल्टवर त्याला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि १०० अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. एसीला स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची लाइन, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद होणारा स्विच) द्या. अर्थिंगची तार चासीला, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर, दातेरी वायसर घालून जोडा.

जोडणी

१. आउटडोअर युनिटची जागा ठरवा. मागच्या बंपरवर लोखंडी चौकट करून बसवणं सगळ्यात सोयीचं. मात्र आपत्कालीन दार, मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये. पंख्याचं तोंड मागे किंवा बाजूला ठेवा, प्रवासाच्या दिशेने नको. भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटर जागा सोडा. चासीखाली टांगलं तर चिखल उडतो आणि बाहेर टाकलेली गरम हवा तिथेच घुटमळते.

२. चौकट फासळीला किंवा चासीला बोल्टने धरा, पत्र्याला नाही. युनिटखाली रबरी पाय, त्यावर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा). साधा नट महिन्याभरात ढिला होतो. इनडोअर युनिटची पट्टीही फासळीपर्यंत पोचणाऱ्या बोल्टवर टांगा. खालचे हूक झटक्याने सुटतात, म्हणून तिथे पट्टी मारून युनिट जखडा.

३. भिंतीतल्या भोकाला रबरी कडा लावा, नाहीतर पत्रा तांब्याची नळी कापत राहतो. नळी तीन मीटरपेक्षा आखूड करू नका. बहुतेक लहान स्प्लिटना एवढी किमान लांबी लागतेच. जास्तीची नळी आउटडोअर युनिटपाशी आडव्या मोठ्या वेटोळ्यात ठेवा. युनिट हलेल तेव्हा हे वेटोळं लवचीकपणे झटका खातं. सरळ ताणलेली नळी फ्लेअरच्या (नळीचं तोंड फुलवून केलेल्या जोडाच्या) मानेपाशी चिरते आणि गॅस जातो. बसमधले बहुतेक एसी इथेच मरतात.

४. फ्लेअर करताना नळी कापल्यावर आत वळलेली धार काढा आणि टोकाला रेफ्रिजरेशन तेलाचा थेंब लावा. टॉर्क पान्यानेच आवळा: दोन सूत (पाव इंच) नळीला १५ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सूत नळीला ३३ ते ४०. जोरात आवळलेला फ्लेअरही फाटतो. जोड शक्यतो बसच्या बाहेर काढा, कारण आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील आहे आणि बसची आतली जागा लहान.

५. युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाच्या मर्यादेत नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती बघा. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. मग पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (इथे उरलेल्या दाबाचं एकक) खाली व्हॅक्यूम घ्या, पंप बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत थांबा. तो चढत राहिला तर गळती तरी आहे किंवा नळीत ओल. ही पायरी गाळून ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. व्हॅक्यूम टिकला की आउटडोअर युनिटचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

६. ड्रेन पाईपला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार द्या. बस मात्र सपाट जागी उभी राहीलच असं नाही. ती नेमकी उलट्या बाजूला कलली की ट्रेमधलं पाणी आत, बहुधा गादीवर पडतं. युनिटच्या ट्रेला दोन्ही बाजूंना तोंड असेल तर दोन्हीकडे पाईप लावा. लिटरभर पाणी ओतून बस कललेली असतानाही तपासा.

पहिल्या प्रवासानंतर

२००-३०० किलोमीटर झाले की प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा आणि फ्लेअर जोडांवर साबणाचं पाणी लावा. जोडाभोवती तेलकट धूळ चिकटली असेल तर तिथून बहुधा गॅस जातोय. धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर कंडेन्सर (आउटडोअर युनिटची पात्यांची जाळी) हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने पाती वाकतात. जनरेटरवर एसी चालवणार असाल तर त्याचा धूर खिडक्यांपासून लांब सोडा आणि झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. छतावरचा एसी असेल तर बसची नवी उंची मोजून चालकासमोर मोठ्या आकड्यात लिहून चिकटवा.