मांजराला जुलाब लागलेत? गोळीच्या आधी शी तपासून घ्या

आमच्या सांगलीत कशावरही हळद चालते, त्यामुळे मांजराला ढाळ लागले की दुधातनं हळद पाजा म्हणणारं कोणतरी गल्लीत असतंयच. ते दूध आधी बंद करा, बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि पोट अजून बिघडतं.

दुसरी चूक मी स्वतः केलेली. मेडिकलमधनं जंताची गोळी आणली, दिली, पंधरा दिवसांनी परत दिली, बोका आपला तसाच पातळ. नेहमीची जंताची गोळी गोल जंत, चपटे जंत यांच्यावर चालते, पण जिआर्डिया, कॉक्सिडिया हे डोळ्याला न दिसणारे एकपेशी जीव, त्यांचं औषधच वेगळं असतं आणि जंतू कुठला हे कळल्याशिवाय ते देता येत नाही.

म्हणून सॅम्पल न्या. ताजी शी, सुपारीएवढी, माती किंवा लिटर (मांजराच्या ट्रेमधली वाळू) न चिकटलेली, झाकणाच्या कोरड्या डबीत घालून दोन-चार तासांत डॉक्टरकडं पोचवा, उन्हाळ्यात तर गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका. लगेच जमत नसेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये (घरच्यांना सांगायचं की नाही तुमचं तुम्ही बघा). फक्त ट्रायट्रायकोमोनास (हाही असाच एक एकपेशी जीव) याची शंका असेल तर फ्रीज नको, गारव्यानं तो मरतो आणि मग सापडत नाही. जिआर्डिया रोज शीतनं पडत नाही, त्यामुळं एकदा काही दिसलं नाही म्हणून खूश होऊ नका, एकाआड एक दिवस अशी ३ सॅम्पलं द्या.

डोस वजनावर असतो. मांजर काट्यावर बसत नाही, तर त्याला घेऊन आपण उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. शी घट्ट झाली तरी कोर्स मध्येच सोडू नका.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते चपट्या जंताचे तुकडे, ते बहुतेक पिसवांमुळं होतात, मग पिसवांचंही औषध करावं लागतं. पण कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर जीवानिशी जातंय.

ट्रेमधली शी रोज उचला, ट्रे उकळत्या पाण्यानं धुवून उन्हात वाळवा. फिनेल नको, कॉक्सिडियाला त्यानं काही होत नाही आणि मांजराला मात्र ते विषारी. नंतर आपले हात साबणानं धुवा.

पिल्लू असेल, शीत रक्त असेल, खाणं सोडलं असेल किंवा मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसत नसेल तर सॅम्पलची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.