कर्जबाजारी फुटबॉल क्लब हाती घेणाऱ्या माजी खेळाडूसाठी

माजी खेळाडूला बुडता क्लब सावरता येतो. उली होनेस यांनी १९७९ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी जर्मनीतल्या बायर्न म्युनिकचं व्यवस्थापन हाती घेतलं, तेव्हा क्लबची वर्षाची उलाढाल सुमारे १ कोटी २० लाख जर्मन मार्क (तिथलं तेव्हाचं चलन) होती आणि कर्ज सुमारे ७० लाख. तो क्लब सावरला. डॅनियल पासारेला १९७८ च्या विश्वविजेत्या अर्जेंटिनाचे कर्णधार. डिसेंबर २००९ मध्ये ते तिथल्याच, कर्जात रुतलेल्या रिव्हर प्लेट क्लबचे अध्यक्ष झाले आणि २६ जून २०११ रोजी रिव्हर इतिहासात पहिल्यांदाच खालच्या विभागात घसरला. क्लबसाठी जीव टाकण्यात दोघांपैकी कुणी कमी नव्हतं.

मोठ्या खेळाडूच्या नावावर क्लबला एक गोष्ट नक्की मिळते, ती म्हणजे मुदत. बँक महिनाभर थांबते, पाठीराखे एक वाईट मोसम सोसतात, जुना पुरवठादार फोन उचलतो. ही मुदत साधारण एका मोसमाची असते, आणि तेवढ्यात रोकड रुळावर आणायची असते. तीच मुदत नवे खेळाडू आणण्यात किंवा संघनिवडीत खर्च झाली की परत मिळत नाही.

होकार देण्याआधी

‘एकूण कर्ज किती?’ या प्रश्नाच्या उत्तराने फारसं काही कळत नाही. देण्यांची यादी मागा आणि तिच्यात पाच रकाने असू द्या: कुणाचे, किती, कोणत्या तारखेला, तारण काय, आणि तारीख चुकली तर काय होतं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बँकेचे पाच कोटी दहा वर्षांत फेडायचे असतील तर ते आज क्लब बुडवत नाहीत. दुसऱ्या क्लबचा चाळीस लाखांचा थकलेला हप्ता बुडवू शकतो.

ताळेबंदात सहज न दिसणारी देणी वेगळी विचारून घ्यावी लागतात. विकत घेतलेल्या खेळाडूंचे उरलेले हप्ते, एजंटांचं कमिशन, खेळाडू विकला तर त्याच्या आधीच्या क्लबला द्यायची टक्केवारी, वरच्या विभागात गेल्यावर द्यायचे बोनस, चालू दावे. काढून टाकलेल्या प्रशिक्षकांची भरपाई हमखास विसरली जाते. दोन वर्षांत तीन प्रशिक्षक बदललेला क्लब बहुधा एकाच वेळी दोघातिघांचे पगार भरत असतो.

पुढच्या वर्षांचं उत्पन्न आधीच गहाण पडलंय का, हेही तपासा. इंग्लंडच्या लीड्स युनायटेडने २००१ मध्ये पुढच्या २५ वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर ६ कोटी पौंड उचलले. युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत जागा हुकली आणि हिशेब कोसळला. २००४ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला आणि २००७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. अशा क्लबमध्ये मैदान भरलेलं दिसतं, पण गल्ल्यातला पैसा क्लबचा नसतो.

कागद पाहायला चार आठवडे लागतात, सोबत क्लबशी संबंध नसलेला सनदी लेखापाल हवा. कागद मिळत नसतील तर नकार द्या. आणि मंडळाने कितीही गळ घातली तरी कर्जाला वैयक्तिक हमी देऊ नका. ज्याचं घर गहाण आहे तो माणूस क्लबच्या हिताचा निर्णय शांत डोक्याने घेऊ शकत नाही.

तेरा आठवड्यांचा रोकड तक्ता

पहिल्या दिवशी हा तक्ता मांडा: तेरा ओळी, दर आठवड्याला एक. सुरुवातीची शिल्लक, येणारी रक्कम, जाणारी रक्कम, अखेरची शिल्लक. येण्याच्या रकान्यात फक्त करार झालेली रक्कम लिहा. ‘प्रायोजक तयार आहे’ म्हणजे शून्य. दर सोमवारी एक आठवडा पुसून पुढचा एक जोडा. ज्या ओळीत शिल्लक उणे दिसते, ती तारीख तुमची खरी मुदत असते.

ऑगस्ट ते मे असा मोसम असलेल्या देशांत मोसमी तिकिटांचे पैसे उन्हाळ्यात एकदम येतात आणि फेब्रुवारी-मार्चला खातं कोरडं पडतं. उन्हाळ्यात फुगलेली शिल्लक पाहून खेळाडू घेतले जातात. बहुतेक क्लब इथेच फसतात. तिकिटांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर महिन्याला त्याचा दहावा भागच चालू खात्यात येऊ द्या.

वर्षाचा हिशेबही कागदावर हवा. समजा उत्पन्न १००, पगार ८०, मैदान आणि कामकाज २५, व्याज १२. म्हणजे दरवर्षी १७ चा खड्डा. पगार ६० वर आणले तर ३ शिल्लक राहतात. मूळ कर्ज ६० असेल तर ते फिटायला वीस वर्षं! म्हणून नुसती पगारकपात पुरत नाही. एखादा मोठा खेळाडू विकणं किंवा धनकोंकडून सूट मिळवणं, यांपैकी एक तरी करावंच लागतं. युरोपीय स्पर्धा खेळणाऱ्या क्लबांसाठी पगार, ट्रान्सफर (खेळाडूंची खरेदी) आणि एजंट यांचा मिळून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत ठेवण्याचा यूएफाचा, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाचा, नियम आहे. कर्ज असलेल्या क्लबने ६० हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

आधी कुणाला

सगळ्यांना थोडं थोडं देणं न्याय्य वाटतं, पण त्यामुळे सगळेच नाराज राहतात आणि धोका मात्र तसाच उरतो. क्रम ठरवा.

खेळाडूंचे पगार पहिले. फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचे पगार थकले, तर खेळाडू १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मोडू शकतो. मग ज्याच्या विक्रीतून कर्ज फेडायचं, तोच फुकट निघून जातो, वर उरलेल्या कराराची भरपाई मागतो.

त्यानंतर दुसऱ्या क्लबांचे हप्ते. देणं ३० दिवसांहून जास्त थकलं की समोरचा क्लब किमान १० दिवसांची नोटीस देऊन फिफाकडे जाऊ शकतो. निकालानंतरही पैसे भरले नाहीत तर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते आणि ती सलग तीन नोंदणी खिडक्यांपर्यंत (खेळाडू नोंदवायच्या ठरावीक काळांपर्यंत) वाढू शकते. ब्राझीलच्या क्रुझेरोने अबू धाबीच्या अल वहदाचं, लोनवर आणलेल्या एका खेळाडूचं देणं थकवलं होतं. त्यापायी २०२० चा दुसऱ्या विभागातला मोसम त्यांना उणे ६ गुणांवरून सुरू करावा लागला.

मग कर. इंग्लंडमध्ये क्लब गुंडाळण्याचा अर्ज कोर्टात नेणारा धनको बहुतेक वेळा कर खातंच असतं. त्यानंतर तारण असलेली बँक. तिला तारणाचा आधार असतो, म्हणून ती बोलणी करायला तयार होते. बसवाला, धोबी, जेवण पुरवणारा यांची जुनी थकबाकी हप्त्यांवर टाका, पण नवं काम रोखीनेच करून घ्या. सामन्याच्या सकाळी बस आली नाही, तर वाचवलेले काही हजार फार महाग पडतात.

धनकोंसमोर बसताना

तुमची जर्सी उपयोगी पडते ती इथे. वकिलाला एकटं पाठवू नका, स्वतः जा. पहिल्या तीस दिवसांत सर्वांत मोठ्या दहा धनकोंना भेटा. समोर तेरा आठवड्यांचा तक्ता ठेवा, आकडे लपवू नका. मागायच्या गोष्टी तीनच: सहा महिने मुद्दलाला स्थगिती, व्याजात कपात, आणि उरलेल्या रकमेचा काही भाग क्लब वरच्या विभागात गेल्यावर देण्याचा करार. पहिला हप्ता इतका लहान ठरवा की तो चुकणारच नाही. वेळेवर आलेला छोटा हप्ता पुढच्या बोलणीत मोठ्या आश्वासनापेक्षा जास्त वजनदार ठरतो. एका धनकोला गुपचूप जास्त सूट किंवा लवकर पैसे देऊ नका. हे लोक एकमेकांशी बोलतात, आणि कळल्यावर सगळ्या तडजोडी एका दिवसात मोडतात.

कायदा कधी कधी चौकट देतो. ब्राझीलच्या २०२१ च्या कायद्याने क्लबांना फुटबॉलची वेगळी कंपनी काढता आली. त्या कंपनीने जुन्या संस्थेच्या देण्यांसाठी मासिक उत्पन्नाचे २० टक्के द्यायचे असतात. ब्राझीलचा माजी खेळाडू रोनाल्डो (पोर्तुगालचा क्रिस्तियानो नव्हे) याने डिसेंबर २०२१ मध्ये क्रुझेरो याच मार्गाने घेतला. पोरवयात त्याची व्यावसायिक कारकीर्द तिथेच सुरू झाली होती.

पगार आणि विक्री

क्रुझेरोत रोनाल्डोच्या माणसांनी पहिल्याच महिन्यात पगारांना हात घातला. ९७६ सामने खेळलेला गोलरक्षक फाबियो जानेवारी २०२२ मध्ये क्लब सोडून गेला. पाठीराखे संतापले, आणि तो संताप समजण्यासारखा होता. त्याच वर्षी सात फेऱ्या बाकी असताना क्लबने पहिल्या विभागातली जागा पक्की केली. असा निर्णय बाहेरच्या व्यवस्थापकाने घेतला असता तर पहिल्या महिन्यातच त्याची गच्छंती झाली असती. म्हणून कठोर निर्णय पहिल्या साठ दिवसांत, एकदमच घ्या. थोड्या थोड्या कपातीने संघ वर्षभर अस्वस्थ राहतो. आणि जुन्या खेळाडूला निरोप द्यायचा असेल तर त्याला ते तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे, वर्तमानपत्रातून नको.

नव्या प्रत्येक करारात दोन कलमं हवीत: क्लब खालच्या विभागात गेला तर पगार किती टक्क्यांनी आपोआप कमी होईल, आणि ठरलेली रक्कम आली तर खेळाडूला जाऊ देण्याची अट. पहिलं कलम नसलेले क्लब घसरणीनंतर निम्म्या उत्पन्नावर जुनेच पगार भरत राहतात.

विकायचं तर चार स्वस्त खेळाडूंपेक्षा एक महागडा विका. चौघे गेले की संघ पोकळ होतो आणि त्यांच्या जागी येणाऱ्या चौघांवर पुन्हा खर्च होतो. होनेस यांनी १९८४ मध्ये कार्ल-हाइन्झ रुमेनिगे यांना एक कोटी मार्कांहून जास्त रकमेला इंटर मिलानला विकलं. संघातला सर्वांत मोठा खेळाडू गेला, कर्जाचं ओझं उतरलं, आणि पुढची सलग तीन जर्मन विजेतेपदं बायर्नने जिंकली. त्याच उन्हाळ्यात त्यांनी तरुण लोथर माथेउसला बरंच कमी मोजून आणलं होतं. विकण्याआधीच बदली खेळाडू ठरलेला असावा. जानेवारीत विकणं टाळा. तेव्हा तुमची निकड सगळ्यांना ठाऊक असते आणि भाव पडतो. रक्कम हप्त्यांत येणार असेल तर बँकेची हमी मागा. घेणारा क्लब त्या खेळाडूला पुढे विकेल, तेव्हाच्या रकमेतले १० ते २० टक्के स्वतःकडे राखायला विसरू नका.

एक येणं मात्र पुष्कळ क्लब गोळाच करत नाहीत. कराराची मुदत संपण्याआधी पैसे मोजून खेळाडू परदेशी क्लबकडे गेला, की रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी एकूण रकमेच्या पाव टक्का, १६ ते २३ साठी अर्धा टक्का. मुलाची नोंदणी महासंघाकडे तारखेनिशी असेल तरच हे मिळतं. जुन्या वह्या काढा, क्लबमधून गेलेल्या गेल्या पंधरा वर्षांतल्या मुलांची यादी करा आणि ती मुलं आज कुठे खेळतात ते शोधा.

ड्रेसिंग रूमपासून लांब

माजी खेळाडू इथेच घसरतात. नायल क्विन २००६ मध्ये आयरिश उद्योजकांना घेऊन इंग्लंडमधल्या आपल्या जुन्या क्लबचे, संडरलंडचे, अध्यक्ष झाले. आधीच्या मोसमात क्लबने जेमतेम १५ गुण मिळवले होते. योग्य प्रशिक्षक मिळेना म्हणून ते स्वतःच ती जबाबदारी घेऊन बसले. लीगमधले पहिले चारही सामने हरले, चषकात खालच्या विभागातल्या ‘बरी’ या क्लबकडूनही हरले. चूक त्यांनी महिन्याभरात सुधारली. रॉय कीन यांना प्रशिक्षक म्हणून आणलं आणि संडरलंडने २००७ मध्ये तो विभाग जिंकला. इतक्या लवकर माघार घेणं फार थोड्यांना जमतं, आणि क्विन यांचं मोठेपण त्यातच आहे.

दुसरा मोह जुन्या सोबत्यांचा. मँचेस्टर सिटीचा लाडका माजी खेळाडू फ्रान्सिस ली १९९४ मध्ये पाठीराख्यांच्या जयघोषात अध्यक्ष झाला. १९९५ मध्ये त्याने इंग्लंड संघातला आपला सोबती ॲलन बॉल प्रशिक्षक नेमला. १९९६ च्या मे महिन्यात शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेल अशा चुकीच्या समजुतीने सिटीचे खेळाडू वेळ काढत राहिले आणि क्लब घसरला. १९९८ मध्ये तो तिसऱ्या पायरीवर पोहोचला. पासारेलांनीही रिव्हरमध्ये सत्तरच्या दशकातला आपला संघसहकारी हुआन होसे लोपेझ यालाच नेमलं होतं. मित्राला काढणं जड जातं, म्हणून निर्णय सहा सामने उशिरा होतो, आणि तेवढ्यात मोसम संपतो.

म्हणून नियम लिहून ठेवा. प्रशिक्षक निवडताना तीन जणांची समिती, त्यात तुमचं मत एकच. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक धनादेशावर दोन सह्या, त्यातली एक वित्तप्रमुखाची. ‘पैसे नाहीत’ असं त्याने म्हटलं की चर्चा संपली. सामन्यानंतर चोवीस तास कोणताही करार करायचा नाही. हरल्यावर तर मुळीच नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रातले बरेच क्लब आणि तालमी संस्था तसंच सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असतात. अशा न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही आणि जागा विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. परवानगी नसताना घेतलेली उसनवारी उद्या विश्वस्तांच्या अंगावर येऊ शकते, म्हणून अध्यक्षपद घेण्याआधी फेरफार अर्जांच्या (विश्वस्त बदलल्याचं कळवणाऱ्या अर्जांच्या) नोंदी आणि लेखापरीक्षण अहवाल पाहा. तुमचं नाव विश्वस्तांच्या यादीत प्रत्यक्ष चढलंय का, तेही पाहा, नाहीतर बँक तुमची सही मानणार नाही.

दिवाळखोरी आणि बाहेर पडणं

सगळं करूनही तक्त्यातली उणे ओळ हलत नसेल, तर प्रशासकाकडे जाणं लांबवू नका. इंग्लंडमध्ये याची शिक्षा प्रीमियर लीगमध्ये ९ गुण आणि खालच्या विभागांत १२ गुण आहे. मोसमाच्या सुरुवातीला हे भरून काढता येतं, एप्रिलमध्ये नाही. देणी भागणार नाहीत हे कळूनही नवी उधारी करणं अनेक देशांत संचालकांना वैयक्तिकरीत्या महागात पडतं.

पद स्वीकारतानाच्या पत्रात मुदत लिहा, तीन मोसम पुरेत. सोबत आकडेही: पगाराचं प्रमाण, थकबाकी, दरमहा पाठीराख्यांसमोर मांडायची रोकड. रोनाल्डोने २०२४ मध्ये क्रुझेरोतला आपला वाटा पेद्रो लोरेन्सो या उद्योजकाला विकला, तेव्हा क्लब पहिल्या विभागात होता. निघताना उत्तराधिकाऱ्याच्या हाती तीच पाच रकान्यांची यादी द्या, त्या दिवसापर्यंत भरलेली, आणि सोबत प्रत्येक धनकोशी काय बोलणं झालं त्याची टिपणं.