गेलेला मेल परत कसा घ्यायचा: म्हापशाच्या छापखान्यातून

चवथ जवळ आली की आमच्या म्हापशाच्या छापखान्यात आरतीसंग्रह आणि नाटकांची हँडबिलं यांची एकच गर्दी. त्यात आमच्या गिऱ्हाइकांमध्ये नाईक नऊ. पत्त्यात 'ना' टाईप केलं, जीमेलने समोर धरला तो नाईक मी घेतला आणि जुन्या गिऱ्हाइकाचा सवलतीचा दर नव्या नाईकबाबांना गेला. अर्ध्या तासात फोन: "आमकांय होच दर मगो, बाय?"

खरं तर मेल पाठवल्यावर खाली कोपऱ्यात काळी पट्टी येते, तिच्यावर 'अन्डू' असतं. ते दाबलं की मेल पुन्हा लिहायच्या खिडकीत उघडतो. पण ही पट्टी मुळात 5 सेकंदच राहते. तेवढ्यात माझा चष्मासुद्धा सापडत नाही.

म्हणून आधी हे करा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, वर उजवीकडच्या दातेरी चाकावर क्लिक करा, 'सी ऑल सेटिंग्ज' घ्या. 'जनरल'मध्येच 'अन्डू सेंड' आहे. तिथे 5, 10, 20, 30 यांतले 30 निवडा. मग पान पार तळाशी नेऊन 'सेव्ह चेंजेस' दाबा. मी पहिल्यांदा हेच विसरले आणि चार दिवस 30 सेकंदांच्या भरवशावर 5 सेकंदांत जगले.

तीसच का, तासभर का नाही? कारण मेल परत येतच नाही. जीमेल तो तेवढा वेळ स्वतःकडे अडवून ठेवतं, बस्स. प्लेट मशीनवर चढेपर्यंत काना-मात्रा सुधारता येते, कागद छापून निघाला की नाही, तसंच.

आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्येही आयओएस 16 पासून ही सोय आहे, तिथेही जास्तीत जास्त 30 सेकंदच.

आउटलुकचं 'रिकॉल' मात्र वेगळं. कॉम्प्युटरवरच्या जुन्या, 'क्लासिक' आउटलुकमध्ये पाठवलेला मेल डबल क्लिक करून वेगळ्या खिडकीत उघडायचा, 'फाइल', 'इन्फो' आणि तिथून रिकॉल. पण हे एकाच संस्थेतल्या एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेलव्यवस्था) किंवा मायक्रोसॉफ्ट 365 च्या खात्यांमध्येच चालतं. पणजीच्या ऑफिसातून माझा भाऊ माझ्या जीमेलवर आलेला मेल 'रिकॉल' करतो, तेव्हा मी तो चहा पीत वाचत असते.

हल्ली मी पत्ता सगळ्यात शेवटी भरते. पत्ताच नसेल तर चुकून सेंड दाबलं तरी मेल हलत नाही. आणि कॉन्टॅक्टमध्ये नावं बदलली: 'नाईक आरती पेडणे', 'नाईक नाटक डिचोली'.

नव्या नाईकबाबांना अर्थात तोच दर द्यावा लागला. यंदा ते आणखी दोन नाईकांना घेऊन आलेत.